नॉर्दर आला की दुसऱ्या दिवशी शिंका का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्टिनला राहायला येऊन तिसरा हिवाळा. पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही, यंदा मात्र डिसेंबरच्या मध्यापासून नाक धो-धो वाहतंय, डोळ्यांना खाज, आणि उत्तरेची थंड लाट, इथल्या भाषेत ‘नॉर्दर’, येऊन गेली की दुसऱ्या दिवशी त्रास दुप्पट. थंडीत झाडं झोपलेली असतात ना, मग पराग येतो कुठून? कडाक्याचा गारठा पडला तर तो मरत नाही का? शिवाय जानेवारीत पुण्याहून आईबाबा येणार आहेत, त्यांनाही हे होईल का?

आधी मुद्द्याचं सांगतो. थंडी परागाला मारत नाही. थंडीबरोबर येणारी कोरडी हवा त्याला झाडावरून सोडवते आणि वारा तो तुमच्या दारात आणून टाकतो. त्यामुळे या दिवसांत तापमानाचा आकडा बघून फारसं काही कळत नाही. बघायचं ते दवबिंदू (हवेतल्या ओलीचं माप, जितका खाली तितकी हवा कोरडी), ऊन आणि वाऱ्याची दिशा.

हा पराग कुठल्या झाडाचा ते पाहू. इथे ज्याला सगळे ‘माउंटन सीडर’ म्हणतात ते सीडर नव्हेच. खरा सीडर म्हणजे आपला देवदार, तो पाइनच्या कुळातला. हे झाड आहे ॲश जुनिपर, सायप्रसच्या कुळातलं. आयुर्वेदातली हपुषा आणि आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाला लावतात ती मोरपंखी, ही त्याची भावकी. मध्य टेक्सासच्या हिल कंट्रीत, एडवर्ड्स पठाराच्या चुनखडीवर हे झाड लक्षावधी एकरांवर पसरलेलं आहे. यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. मादीवर निळसर मण्यांसारखी फळं दिसतात. नरावर फांद्यांच्या टोकांना तांदळाच्या दाण्याएवढे शंकू असतात. ते आधी पिवळट-हिरवे असतात आणि डिसेंबर लागला की पिकून तांबूस होतात. तेव्हा नर झाड लांबून गंजल्यासारखं किंवा वाळत चालल्यासारखं दिसतं. नवखे लोक ‘झाड मेलं’ म्हणून तोडायला निघतात. ते मेलेलं नसतं, परागाने लादलेलं असतं. मास्क लावून अशी एक फांदी काठीने हलकेच ठोकून बघा. पिवळसर धुराचा लोट उठला तर हंगाम सुरू झाला असं समजा. जोराच्या वाऱ्यात अख्खी टेकडी असा लोट सोडते तेव्हा वणवा लागला समजून लोक अग्निशमन दलाला फोन करतात.

म्हणजे ‘थंडीत झाडं झोपतात’ हा नियम या झाडाला लागू नाही. ओक, पेकान ही पानं-फुलं वसंतासाठी राखून ठेवणारी मंडळी. जुनिपरचा फुलोराच हिवाळ्यातला. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पराग सुटतो, आणि सगळ्यात वाईट काळ डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य. माल आधीच तयार असतो. रोजचं हवामान फक्त तो कधी सोडायचा ते ठरवतं. किती माल तयार होणार हे मात्र आधीच्या महिन्यांतल्या पावसावर अवलंबून असतं. उन्हाळा-शरद ओला गेला तर शंकू भरपूर लागतात, झाड दुष्काळात होरपळलं असेल तर कमी.

आता नॉर्दरकडे वळू. लाट येण्याआधीचे दोन-तीन दिवस आठवा. मेक्सिकोच्या आखातावरून दक्षिणेचा दमट वारा, ढगाळ आभाळ, सकाळी काचांवर ओल. अशा हवेत शंकूचे खवले पाणी धरून फुगलेले राहतात आणि त्यांच्या खालच्या पराग-पिशव्या बंद असतात. झाडावर पिकलेला पराग साठत जातो, बाहेर फारसा पडत नाही. मग लाट येते. काही तासांत तापमान 15 अंश सेल्सिअसने उतरतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दवबिंदू 60 फॅरनहाइटवरून 20 वर आपटतो. हवा एकदम कोरडी होते, आभाळ स्वच्छ होतं, ऊन पडतं. खवले सुकून आक्रसतात, पिशव्या फाटतात आणि चार दिवसांचा साठा एका दुपारी मोकळा होतो. वर ताशी 40-50 किलोमीटरचा उत्तरेचा वारा असतोच.

लाट ज्या दिवशी शिरते त्या दिवशी अनेकदा पाऊस किंवा ढग असतात, त्यामुळे पहिला दिवस बरा जातो. घात होतो तो त्यानंतरच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी. तुम्हाला ‘दुसऱ्या दिवशी’ जाणवतं ते यामुळेच.

अंदाज बांधायला ढोबळ कसोटी अशी ठेवा: तापमान साधारण 5 सेल्सिअसच्या, म्हणजे 40 फॅरनहाइटच्या वर, आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली, ऊन आणि वारा. हे चारही जुळले की झाड पराग सोडतं. यातली एक अट मोडली तरी सोडणं मंदावतं, आणि गारठ्याचा खरा परिणाम इथे दिसतो. दिवसभर तापमान शून्याच्या आसपास राहिलं तर शंकू उघडत नाहीत. बर्फाचा लेप बसला तर मुळीच नाही. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी 2023 या दिवसांत ऑस्टिनला असा लेप चढून झाडांच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. तसल्या हवेत पराग झाडावरच अडकून राहतो. पण याला सुटका म्हणू नका, ही फक्त पुढची तारीख. बर्फ वितळून शंकू सुकले की राहिलेला माल बाहेर येतो.

आणि समजा गारठ्याने काही पराग निकामी झाला, तरी तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. ॲलर्जी व्हायला परागकण जिवंत असावा लागत नाही. त्रास देतं ते त्याच्यातलं प्रथिन, मुख्यतः ‘जुन ए 1’ नावाचं, आणि कण मेल्याने ते नष्ट होत नाही. या कुळातल्या परागाची आणखी एक खोड आहे. ओल लागली की कण फुगतो, बाहेरचं कवच फाटून गळून पडतं आणि आतला ऐवज मोकळा होतो. नाकाच्या ओल्या अस्तरावर नेमकं हेच घडतं, तेही काही मिनिटांत.

पावसाबद्दल दोन गोष्टी. रात्रभर चांगला पाऊस झाला तर हवा धुऊन निघते आणि दुसरा दिवस मोकळा जातो. नुसत्या भुरभुरीने हवा फारशी धुतली जात नाही, शंकू तेवढे मिटतात. दोन्ही प्रकारांत आराम हवा पुन्हा कोरडी होईपर्यंतच. टेक्सासात हिवाळी पावसामागून बहुतेकदा कोरडा उत्तरी वारा येतो, म्हणून पावसाळी दिवस दिसला की त्याच्या पुढच्या दोन दिवसांचा अंदाज आधी उघडा.

वाऱ्याची दिशा प्रत्येक शहराला वेगळी लागू पडते, आणि इथे लोक चुकतात. ऑस्टिन हिल कंट्रीच्या पूर्व कडेला आहे, तेव्हा पश्चिम आणि वायव्येचा वारा वाईट. सॅन अँटोनियो दक्षिणेच्या अंगाला, त्याला उत्तर-वायव्य वाईट. डॅलसचं गणित उलटं: जुनिपरचं मोठं जंगल त्याच्या नैर्ऋत्येला, म्हणून तिथे लाटेआधीचा नैर्ऋत्येचा कोरडा वारासुद्धा पराग आणतो. त्याच झाडांचा आणखी एक पट्टा ओक्लाहोमातल्या आर्बकल डोंगरांत असल्याने उत्तरेचा वाराही पूर्ण निर्दोष नाही. ह्यूस्टनला झाडं जवळ नाहीत, पण वायव्येचा जोरदार वारा असला की तिथेही पोचतो.

एवढ्या लांब कसा पोचतो, याचा हिशेब सोपा आहे. कण साधारण 20 ते 25 मायक्रॉनचा, आणि स्थिर हवेत तो सेकंदाला दीडेक सेंटिमीटर या वेगाने खाली येतो. दुपारच्या उन्हाने तापलेली हवा त्याला 500 मीटर वर घेऊन गेली, तर खाली यायला नऊ-दहा तास लागतात. तेवढ्या वेळात ताशी 40 किलोमीटरचा वारा त्याला 400 किलोमीटर नेऊ शकतो. म्हणून झाडांपासून दूरच्या गावात सीडरचा पराग अनेकदा रात्री उतरतो, आणि ‘संध्याकाळनंतर खिडकी उघडली तर चालेल’ हा सल्ला तिथे फसतो. ऑस्टिनमध्ये शांत, दमट रात्री हा सल्ला ठीक आहे. सकाळी दहा-अकरापर्यंत दव सुकलेलं नसतं, तोवरही हवा बरी असते. लाटेनंतरच्या रात्री मात्र नाही, कारण तेव्हा आर्द्रता रात्रीसुद्धा चढत नाही.

टीव्हीवर आणि ॲपवर दिसणारा ‘पोलन काउंट’ कसा येतो तेही माहीत असावं. छपरावर एक यंत्र मिनिटाला 10 लिटर हवा ओढतं, म्हणजे दिवसाला 14.4 घनमीटर. माणूस दिवसभरात श्वासावाटे घेतो साधारण तेवढीच. हवेतले कण एका चिकट पट्टीवर बसतात. दुसऱ्या दिवशी पट्टी गुलाबी रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. म्हणजे आज सकाळी कळलेला आकडा कालचा असतो! लाटेनंतरच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी आकडा ‘मध्यम’ दिसतो आणि तुम्ही बेसावधपणे पळायला जाता. काही ॲप्स तर मोजतच नाहीत, नुसता अंदाज बांधतात. शिवाय ‘हाय’ हा शब्द फसवा आहे. झाडांच्या परागासाठी अमेरिकेत रूढ असलेल्या पट्टीत घनमीटरला 90 ते 1499 कण म्हणजे ‘हाय’ आणि 1500 च्या पुढे ‘व्हेरी हाय’. सीडर वाईट दिवशी कित्येक हजारांवर जातो. 100 आणि 1400 यांना एकच नाव असल्यामुळे नावाकडे न बघता आकडा बघा, आणि उद्यासाठी हवामानाचा तासावार अंदाज वापरा.

आता तुमचं. पहिली दोन वर्षं काही झालं नाही यात नवल नाही. शरीराला या प्रथिनाची ‘ओळख’ व्हायला काही हंगाम जातात आणि मग एखाद्या जानेवारीत ते अंगावर येतं. इथले लोक याला ‘सीडर फीवर’ म्हणतात, पण यात खरा ताप नसतो. पाण्यासारखं नाक, लागोपाठ शिंका, डोळे-टाळू-कानात खाज, डोकं जड आणि थकवा, ही याची लक्षणं. थर्मामीटर 38 सेल्सिअस दाखवत असेल, अंग मोडून आलं असेल, तर फ्लू किंवा कोविडची चाचणी करा. दोन्हीचा हंगाम एकच असल्याने इथे गल्लत फार होते.

औषधात लोक सगळ्यात मोठी चूक वेळेची करतात. नाकातला स्टेरॉइड स्प्रे, फ्लुटिकासोनसारखा, दुखणं वाढल्यावर मारायचा फवारा नव्हे. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोज घ्या, बरं वाटणाऱ्या दिवशीसुद्धा. मारताना मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि नळीचं तोंड कानाच्या दिशेने, बाहेरच्या भिंतीकडे ठेवा. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं आणि लोक ‘मला सोसत नाही’ म्हणून स्प्रे सोडून देतात. मारल्यावर जोरात ओढू नका, घशात चव लागली म्हणजे औषध नाकात थांबलंच नाही.

त्याच्या जोडीला गोळी: सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम रात्री, किंवा झोप नको असेल तर फेक्सोफेनाडिन 180. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्या. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांचा रस बरोबर घेतला तर ते अंगात नीट शोषलं जात नाही. डोळ्यांसाठी केटोटिफेन किंवा ओलोपाटाडिनचे थेंब. नाक मोकळं करणारा ऑक्सिमेटाझोलिनचा फवारा तीन दिवसांच्या वर नको, नाहीतर नाक त्याच्याशिवाय उघडेनासं होतं. फिनाइलेफ्रिनच्या गोळ्यांवर पैसे घालू नका. 2023 साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीनेच त्या पोटातून घेऊन उपयोगी नसल्याचं मत दिलं आहे. आणि ‘लोकल मध’ खाऊन ॲलर्जी जाते ही समजूत सोडा. सीडरचा पराग वाऱ्याने उडतो, मधमाशी त्याच्यासाठी येत नाही. मध पोळीबरोबर खा, औषध म्हणून नको.

जलनेती करत असाल तर उत्तम, लाटेनंतरच्या संध्याकाळी तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. 2011 साली लुइझियानात नेतीच्या लोट्यातल्या नळाच्या पाण्यातून नेग्लेरिया नावाचा अमीबा मेंदूत जाऊन दोन माणसं दगावली. पाणी डिस्टिल्ड आणा, नाहीतर खळखळून एक मिनिट उकळून कोमट होऊ द्या. 240 मिलिलिटर पाण्याला आयोडीन नसलेलं दोन ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, आणि लोकांना वाटतं जास्त झालं म्हणून झोंबतंय, मग ते आणखी कमी करतात. आधी नेती आणि अर्ध्या तासाने स्प्रे. उलट केलंत तर औषध धुऊन जाईल.

घरात एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महागातला मर्व्ह 13 चा फिल्टर बसवतात (मर्व्हचा आकडा जितका मोठा तितका फिल्टर दाट), पण टेक्सासच्या जानेवारीत दुपारी 18 सेल्सिअस असतं, ना हीटर चालतो ना एसी, म्हणजे फिल्टरमधून हवा जातच नाही. लाटेनंतरचे दोन दिवस थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर टाका. मात्र तुमचं यंत्र मर्व्ह 13 पेलतं का ते आधी बघून घ्या. एक इंची खोबणीत दाट फिल्टर घातला की काही यंत्रांचा श्वास कोंडतो, मग मर्व्ह 11 वर थांबा. जानेवारीच्या मध्याला फिल्टर बदला. कपडे बाहेर वाळत घालू नका, गाडीत हवा आतल्या आत फिरती ठेवा, झोपण्याआधी केस धुवा. केसांतला पराग रात्रभर उशीवर असतो, आणि सकाळी उठल्या-उठल्या शिंका येतात त्याचं हे साधं कारण अनेकदा पुरतं. बाहेर काम असेल तर साधा सर्जिकल मास्कही बऱ्यापैकी अडवतो, कण मोठा आहे. डोळ्यांना चष्मा किंवा गॉगल, लेन्स नको.

एवढं करूनही फेब्रुवारी उजाडेपर्यंत हाल झाले तर शरीराला या परागाची हळूहळू सवय लावणाऱ्या ॲलर्जीच्या इंजेक्शनांचा विचार करा. त्याआधी त्वचेवर ॲलर्जीची चाचणी करतात, आणि तिच्या पाच ते सात दिवस आधी ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर त्वचेवर गांधी उठत नाही आणि निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. हंगाम संपताच वसंतात सुरुवात केली तर दर आठवड्याच्या वाढत्या मात्रा संपून पुढच्या डिसेंबरआधी कायम मात्रेवर पोचता येतं. ऑक्टोबरात जाऊन ‘या हिवाळ्यासाठी काहीतरी द्या’ म्हणणारे दरवर्षी असतात. त्यांच्यासाठी वेळ निघून गेलेली असते. पूर्ण कोर्स तीन ते पाच वर्षांचा. गवत, रॅगवीड किंवा धुळीतल्या किड्यांवरच्या जिभेखालच्या गोळ्यांचा सीडरवर उपयोग नाही.

आईबाबांचं. एका महिन्याच्या मुक्कामात नव्याने सीडरची ॲलर्जी जडण्याची शक्यता फार कमी. कोरड्या हवेने नाक आणि घसा मात्र चुरचुरेल, त्याला मिठाच्या पाण्याचा फवारा पुरे. दमा असेल तर इनहेलर पुण्याहून पुरेसे आणायला सांगा. सोबत क्लोरफेनिरामाइनवाल्या सर्दीच्या गोळ्यांची पट्टी येणारच. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या गोळ्यांनी लघवी अडते, काचबिंदू असेल तरही नको. त्याऐवजी फेक्सोफेनाडिन द्या. आणि शक्य असेल तर एखाद्या वर्षी उलटं करा, 20 डिसेंबर ते 20 जानेवारी तुम्हीच पुण्याला जा. इथला सगळ्यात वाईट महिना टळतो, आणि तिथला ॲलर्जीसाठी बदनाम वावळ फुलायच्या आत तुम्ही परतलेले असता.

मधल्या काळात मुलांना संक्रांतीचे पतंग उडवायचे असतील, तर 14 जानेवारी नेमकी हंगामाच्या भरात येते. सगळ्यांना लाटेनंतरचा झकास उत्तरेचा वारा पतंगासाठी आवडतो, आणि तोच दिवस सीडरचा. तारखेचा हट्ट धरू नका. मागचा-पुढचा आठवडा चाळून असा दिवस शोधा ज्या दिवशी वारा आखाताकडून दक्षिणेचा, ताशी 20 किलोमीटरच्या आसपास, आणि दवबिंदू 55 फॅरनहाइटच्या वर आहे. आभाळ जरा मळकट असेल, पण पतंग छान चढतो आणि शंकू मिटलेले असतात.